लख्ख घासलेली पिन

माझा दीर अणुभट्टीत इंधन भरायचं-काढायचं यंत्र चालवतो. चालवायचा, म्हणायला हवं. मागच्या महिन्यात इंधन उचलणाऱ्या पंजातली पिन तुटली, पंजा मध्येच अडकला आणि अख्खी भट्टी बंद ठेवावी लागली. साहेबांनी लगेच खापर भाऊजींच्या डोक्यावर फोडलं: यानंच मर्यादेबाहेर जोर लावला. भाऊजी म्हणाले, नाही लावला. ते गप्पा वाट्टेल तेवढ्या हाणतील, पण खोटं बोलत नाहीत.

धातू का तुटला हे शोधणं माझं काम. नात्यातलं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला द्या, असं मी सांगून पाहिलं. "दुसरं आहे कोण?" साहेब म्हणाले.

तशी मी निर्धास्त होते. भेग हळूहळू वाढत गेली असेल तर तुटलेल्या तोंडावर बारीक रेषा राहतात, कपातला चहा सुकत गेला की उमटतात तशा. त्या दिसल्या की भाऊजी सुटले.

किरणोत्सर्ग काढण्यासाठी धुवायला गेलेली पिन परत आली. डबी उघडली. दोन्ही तुकड्यांची तोंडं लख्ख घासलेली. सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशाचे ओरखडे, बाकी शून्य. पिन उभी कापली, तर आतही अशा रेषा दाखवेल अशी दुसरी भेग नाही. तुटलेल्या तोंडाला पाण्याशिवाय काही लावायचं नाही, एवढा साधा नियम. कुठल्या शहाण्यानं हे केलं म्हणून मी तणतणत धुलाईच्या खोलीत गेले.

तिथे भाऊजीच. चौकशी संपेपर्यंत साहेबांनी त्यांना या कामावर बसवलं होतं, आणि घरी ते कुणाला बोलले नव्हते.

"तुम्ही घासलीत?"

"मग काय! पाण्यानं मीटरचा आकडा खाली येईना. तुमच्या हातात जाणार होती ना वहिनी, म्हणून तारेच्या ब्रशानं घासघासून काढली. आता एक कण किरणोत्सर्ग राहिला असेल तर सांगा."

शाबासकी मिळणार असा चेहरा होता त्यांचा. मला त्यांच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि रडूही आलं. त्या तोंडावर काय असायला हवं होतं ते मी सांगितलं. ते स्टुलावर बसले.

"मग लिहा ना, रेषा होत्या म्हणून. होत्याच त्या."

"मी बघितल्या नाहीत, भाऊजी."

संध्याकाळी साहेबांनी अहवाल मागितला. कारण सांगता येत नाही, एवढ्यावर भागणार नव्हतं. तोंडं कुणी घासली तेही लिहावं लागणार होतं. वाचणारा एकच अर्थ काढणार, पुरावा पुसला. मी भाऊजींचं नाव लिहिलं आणि सही केली.

साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं. "घरच्या माणसालाही सोडलं नाहीत," ते म्हणाले. "मानलं तुम्हाला."