सुपाने उतरवलेले पाच किलो

उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या माणसाला पैलवान म्हणायचं, ही गंमतच. त्याने जन्मात कुणाशी कुस्ती केली नव्हती. पण अंगाने भरभक्कम, म्हणून वीस वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं. त्याच्या जोडीला दोरावर उतरायचा तो काडी. दोघं शेजारी लटकले की खालचे लोक म्हणायचे, दहाचा आकडा टांगलाय बघा.

कंपनीत नवे साहेब आले आणि नवा नियम घेऊन आले. दोरावर उतरणाऱ्याचं वजन ब्याण्णव किलोच्या वर नको. महिन्याने काट्यावर उभं करणार, जास्त भरेल त्याने दोर सोडून दुसरं काम बघायचं. पैलवान भरला सत्त्याण्णव.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? पगार तर तोच मिळणार होता. पण पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं. जमिनीवर त्याला सगळे चिडवायचे, बसमध्ये शेजारी बसताना लोक कुरकुरायचे, दोन जिने चढले की गुडघे बोलायला लागायचे. दोरावर पाय सुटले की अंगाचं ओझं कुठल्या कुठे जायचं. तिथे तो हलका होता, आणि त्याच्याइतकी लख्ख काच दुसऱ्या कुणाच्या हातून निघत नव्हती. जगात ती एकच जागा त्याला आपली वाटायची.

तरीही पहिले तीन आठवडे 'उद्यापासून नक्की' म्हणण्यात गेले. माणूस असाच असतो. मग मेहुणीने फोनवर एक कागद पाठवला: सात दिवस नुसतं कोबी-टोमॅटोचं सूप, पाच किलो कमी.

"अहो, पी हळद अन् हो गोरी, असं कुठे असतं का?" बायको म्हणाली. पण सुपाचं मोठं पातेलं तिनेच चढवलं.

त्याने आठवडाभराची रजा टाकली. पहिला दिवस तोऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी पोटातले कावळे ओरडायचे थांबले. बहुतेक तेही उपाशी मेले असावेत. चौथ्या दिवशी बायको शेजारणीकडे जेवून आली, कारण त्याच्यासमोर तिला घास गिळवेना. हे कळलं तेव्हा पैलवानाला भरून आलं. पण काटा रोज खाली सरकत होता, आणि एकदा काटा खाली सरकताना दिसला की माणसाला शहाणपण शिकवायला जाऊ नये.

आठव्या दिवशी सकाळी तो साहेबांसमोर काट्यावर उभा राहिला. एक्क्याण्णव किलो आठशे ग्रॅम. साहेबांनी हात मिळवला. पैलवान लिफ्टने गच्चीवर गेला तो गालातल्या गालात हसतच.

गच्चीवरचा रिवाज ठरलेला होता. आपला सुरक्षेचा पट्टा आपण चढवायचा, पण तपासायचा जोडीदाराने. त्याने "जा" म्हटल्याशिवाय कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही. पैलवानाने पट्टा चढवला आणि वीस वर्षांच्या सवयीने बकल नेहमीच्याच भोकात अडकवलं. काडीने खाली बसून मांडीवरचा पट्टा चाचपला. सपाट हात जेमतेम शिरायला हवा, तिथे त्याची अख्खी मूठ आत गेली.

"भोक बदलायचं विसरलास?"

"बघ, किती उतरलो!" पैलवान हसला आणि बकल सोडून आतल्या भोकात घालायला लागला. एकदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. बोटं थरथरत होती आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

काडी उठून उभा राहिला. "शेवटचं धड कधी जेवलास?"

"आठवडा झाला. पण काट्यावर तर..."

"काटा खाली ऑफिसात आहे. इथे मी आहे."

"तू फक्त जा म्हण." पैलवानाचा आवाज चढला. "सात दिवस पाण्यावर काढलेत मी! साहेब पास म्हणतात, मग तू कोण लागून गेलास?"

काडी चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "समज, आज मी असा आलो असतो. पट्ट्यात मूठ जातेय, हात कापतायत. तू मला जा म्हणाला असतास?"

पैलवानाने काडीला बखोट धरून लिफ्टमध्ये कोंबलं असतं, वर चार शिव्या घातल्या असत्या.

"नसतं म्हटलं," तो म्हणाला, आणि कठड्याला पाठ टेकून खाली बसला. मग या एवढ्या मोठ्या माणसाला रडू फुटलं.

काडीने त्याचा पट्टा सोडवला आणि आपला डबा पुढे केला. पाव आणि उकडलेली अंडी होती.

"हे खाल्लं की दोन दिवसांत वजन परत येणार रे."

"येऊ दे. गेलं ते बरंचसं पाणीच. वीस वर्षांत चढलेलं सात दिवसांत उतरतं होय?"

"आणि ते नीट उतरेपर्यंत?"

"तोवर मला नवा जोडीदार देतील." काडी कठड्यापलीकडे बघत होता. "त्याला माझा पट्टा तपासायची अक्कल असली म्हणजे मिळवली."

पैलवानाने तोंडातला घास गिळला. मग त्याने फोन काढून साहेबांना लावला. "साहेब, उतरायला दुसरा माणूस द्या. मला इथे गच्चीवर ठेवा, तपासायला."

"अहो, तुमचं वजन तर बसलं की!"

"काट्यावर बसलं, साहेब. दोरावर नाही बसत."

तासाभराने दुसरा माणूस आला. तोवर पैलवानाचे हात कापायचे थांबले होते. त्याने दोघांची एकेक पट्टी ओढून पाहिली, काडीला एक गाठ पुन्हा मारायला लावली आणि मगच "जा" म्हणाला. दोर ताणले गेले. पैलवानाला फार वाईट वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण खाली लटकलेला काडी नीट बांधलेला आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.