दोन बोटे सैल

मित्रांनो, मी एका शिंप्याची जुनी टेप आहे. माझ्या कडा उसवल्या आहेत, निम्मे आकडे पुसट झाले आहेत आणि सध्या मी पुरती वैतागले आहे. ज्यांच्या गळ्यात वीस वर्षे काढली, त्या मास्तरांवरच.

कारखान्यातून आले तेव्हा मी पिवळीधमक होते. मास्तर माझे कौतुक करत आणि कारागिरांना बजावत, "टेप ओढायची नाही. आत दोन बोटं सैल ठेवा. माणसाला श्वास घ्यायचा असतो."

मग मास्तरांचे लिव्हर बिघडले. हिपॅटायटिसचा विषाणू कित्येक वर्षे आत गुपचूप बसला होता. पोटात पाणी झाले, दुकानाला कुलूप लागले. तीन महिने गोळ्या घेतल्यावर विषाणू गेला. पोट मात्र होते तसेच! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लिव्हर सावरायला वेळ लागेल. मीठ कमी, पाणी उतरवायची गोळी चालू आणि रोज पोटाचे माप वहीत लिहायचे.

हे काम माझ्या माथी आले. रोज बेंबीवरून फिरायचे आणि रोज तेच सांगायचे, बेचाळीस इंच. पाणी जणू मीच भरले, असे मास्तर माझ्याकडे बघत. शेवटी एके दिवशी त्यांनी पोट आत घेतले आणि मला करकचून ओढले. चाळीस! पुढच्या आठवड्यात एकोणचाळीस. वही पाहून मॅडमनी गोळी कमी केली. मी नुसती चरफडत राहिले.

दहा दिवसांत मास्तरांचे पाय सुजले, धाप लागली, दवाखान्यात भरती करावे लागले. तिथे त्यांच्या बायकोने स्वतः माप घेतले. चव्वेचाळीस.

"अहो, गिऱ्हाइकाचं माप कधी खोटं घेतलंत का?"

"नाही."

"मग स्वतःचंच का?"

"कंटाळलो गं. सगळे म्हणतात बरा झालास, आणि दिसत तर काहीच नाही."

मला वाईट वाटले, पण राग काही गेला नाही.

गोळी पुन्हा वाढली. आकडा अर्ध्या अर्ध्या इंचाने उतरला, मध्येच चढला, पुन्हा उतरला. आठ महिने बायकोने एक दिवसही मास्तरांना मला हात लावू दिला नाही. आज सकाळी तिने मला त्यांच्या हातात दिले. मास्तरांनी श्वास सोडला, मला बेंबीवर आणले आणि आत दोन बोटे सरकवली. छत्तीस.

मित्रांनो, बरे व्हायला वेळ लागला तर माझ्यावर खुशाल चिडा, पण मला ओढू नका. आता मास्तर दुकानाची किल्ली शोधत आहेत. मी त्यांच्या गळ्यात आहे, आणि अजून थोडी रागावलेलीच आहे.