माझ्या ब्रेकवर आलेला आळ

मी एक जुना बुलडोझर आहे. जुना म्हटल्यावर तुम्ही मला बिचारा समजाल, मित्रांनो, पण तसं काही नाही. माझं इंजिन सुरू झालं की पलीकडच्या टेकडीवरच्या शेळ्या अजून कान टवकारतात. मात्र गेल्या वर्षी माझ्यावर जे गुदरलं, त्याने मी जो हबकलो तो आजही सावरलेलो नाही. म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा महायुद्ध पेटलेलं होतं. रंग वाळतो न वाळतो तोच मला बोटीत घातलं आणि एका फौजेसाठी रस्ते कापायला जुंपलं. युद्ध संपलं, फौज निघून गेली, आणि मी तेल अविवजवळच्या एका आवारात गंजत पडलो. बरीच वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका ठेकेदार कंपनीने मला उचललं आणि १९६२ साली ट्रेलरवर घालून नेगेवच्या वाळवंटात आणून सोडलं. तिथे अराद नावाचं नवं गाव वसायचं होतं. गाव कसलं, नुसते दगड, वारा आणि उतार! ते उतार कापून घरांसाठी आणि रस्त्यांसाठी जमीन सपाट करायची, हे माझं काम.

माझा चालक हासाजी झिराडकर. मूळचा कोकणातला बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा यहुदी, पुढे मुंबईत रस्त्याचा रोलर चालवलेला, आणि मग बायकोला घेऊन इस्राएलला आलेला. तो दिवसभर माझ्याशी मराठीत बोलायचा. "चल बाबा, उचल. आता हळू. शाब्बास!" म्हणून मला मराठी येते, नाहीतर यंत्राला कुठली आली मायबोली! त्याचं काम मात्र बघत राहावं असं होतं. खुंट्यांना बांधलेल्या दोरीकडे एक नजर टाकून तो माझं ब्लेड असं खाली आणायचा की उंचवटा तेवढा निघायचा आणि तीच माती पुढच्या खड्ड्यात जाऊन बसायची. लोक त्याला नावाजायचे आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, अरे, ब्लेड कुणाचं आहे?

हासाजीची एक सवय होती. माझ्यावर तो नेहमी अनवाणी चढायचा. मुंबईला त्याच्याबरोबरची माणसं दसऱ्याला रोलरला झेंडूचा हार घालत. हासाजी यहुदी, तो रोलरपुढे हात जोडायचा नाही, पण चपला खाली काढूनच वर जायचा. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला पायताण लावायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. इथे कंपनीने त्याला जाडजूड बूट दिले. तो ते माझ्या साखळीपाशी नीट जोडीने ठेवायचा आणि तसाच वर चढायचा. मुकादम यित्झाक ओरडला की "बेसेदेर, बेसेदेर", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, असं म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

उन्हाळ्यात पेडलपाशी पाय टेकायचा माझा पत्रा तव्यासारखा तापायचा. म्हणून त्याच्या बायकोने, सोफीने, तांदळाचं गोणपाट दुहेरी शिवून दिलं. ते अंथरून तो पाय टेकायचा. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा. फौजेत मला लाथाच बसल्या होत्या. माझ्यासाठी जोडे काढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मला दुरुस्त करायचा तो याकोव. हा रुमानियाहून आलेला मेकॅनिक, कपाळावर कायम आठ्या, पण हात असा की इंजिनाला लागला की इंजिन शांत व्हायचं. उतारावर काम करून करून माझे ब्रेक झिजले. माझ्या वयाच्या यंत्राचे भाग बाजारात मिळत नव्हते. याकोवने एका बंद पडलेल्या बुलडोझरचे ब्रेक उतरवले, त्यांचे चांगले पट्टे काढून मला रिव्हेट मारून बसवले आणि स्वतः पेडल दाबून पाहिलं.

"आता हा भिंतीवरसुद्धा उभा राहील," तो म्हणाला. मोडक्यातोडक्या हिब्रूत ते दोघे खूप हसले.

त्याच आठवड्यात ते घडलं. भर दुपारची वेळ. खाली पत्र्याच्या शेडमध्ये सोफी मजुरांचं जेवण रांधत होती आणि ताटल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती. वरच्या उतारावर हासाजीने क्लच सोडवला आणि मला थांबवण्यासाठी ब्रेकवर पाय दिला.

पेडल तळापर्यंत गेलंच नाही!

गोणपाट सरकून त्याची घडी पेडलखाली अडकली होती. हासाजी जिवाच्या आकांताने पाय दाबत होता आणि मी खाली घसरत होतो. समोर शेड, शेडमध्ये सोफी. मित्रांनो, इतकं वजन अंगावर वागवणारा मी, पण स्वतःला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. माणसं किंचाळत पळाली. याकोव मात्र माझ्याकडे धावत आला. साखळीखाली घालायला त्याने एक मोठा धोंडा उचलला होता. माझ्या साखळीने तो धोंडा भिरकावला आणि तो त्याच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी!

तेवढ्यात हासाजी भानावर आला आणि त्याने ब्लेड सोडलं. ब्लेड जमिनीत रुतलं, मी गचकन थांबलो. शेडचा पत्रा माझ्यापासून हातभर लांब होता. आतून सोफी आमटीचा डाव हातात घेऊन बाहेर आली आणि तशीच खाली बसली.

सगळे याकोवभोवती जमले. इकडे हासाजी वाकला, पेडलखालचं गोणपाट त्याने खेचून काढलं, त्याकडे पाहिलं आणि माझ्या सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत कोंबलं. यित्झाक धापा टाकत धावत आला.

"काय झालं?"

"ब्रेक लागला नाही," हासाजी म्हणाला.

बस्स, एवढंच. मी वाट पाहत राहिलो की तो पुढे काही बोलेल. तो बोलला नाही. माझा माझ्याच कानांवर विश्वास बसेना.

मग आळ यायला कितीसा वेळ लागतो? ब्रेक कुणी बसवले? याकोवने. ब्रेक कुणाचे? या म्हाताऱ्या बुलडोझरचे. तेल अविवहून कंपनीचा साहेब येणार, याकोवला काढून टाकणार आणि मला गॅसने कापून भंगारात घालणार, असं सगळेच बोलू लागले. मरणाचं मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण मी पुरावा स्वतःच्या पोटात घेऊन उभा होतो आणि मला वाचा नव्हती, याने माझा जीव जळत होता.

हासाजी रोज माझ्यापाशी येऊन सावलीत बसे. माझ्याशी एक शब्द बोलत नसे. एके दिवशी सोफी त्याचा डबा घेऊन आली. तिने सहज वर पाहिलं.

"अहो, गोणपाट कुठं गेलं?"

हासाजी उठून माझ्या साखळीवरची माती झाडू लागला.

"मी शिवलेलं. त्या दिवशी सकाळी तर होतं." ती थांबली. तिचा चेहरा उतरला. "पेडलखाली गेलं होतं काय?"

"हळू बोल, सोफी."

"आज सकाळीच याकोवची झेहावा मला विचारत होती, माझा नवरा चुकला का गं? मी म्हटलं, देवाला ठाऊक. देवाला कशाला, माझ्याच नवऱ्याला ठाऊक होतं!"

"मग काय सांगू?" हासाजी कळवळून म्हणाला. "इंडियातनं आलेल्या माणसानं गोणपाट अंथरून मशीन चालवली, असं? आधीच हे लोक विचारतात, तुम्ही खरे यहुदी का. उद्या म्हणतील, यांच्या हातात मशीन दिली कुणी? माझ्या एकट्याची सर्व्हिस जाईल तर जाऊ दे, पण सगळ्या आपल्या लोकांचं नाव जाईल."

"आणि याकोवचं नाव? ते काय रस्त्यावर पडलंय?" असं म्हणून तिने डबा दगडावर ठेवला आणि मागे न बघता निघून गेली. डबा तसाच राहिला.

शेवटी साहेब आला. त्याने ब्रेक उघडायला सांगितले. याकोव प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून पुढे झाला.

"माझं काम मीच उघडून दाखवतो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "हासाजी, माझा हात चालत नाही. तू पाना धर. मी सांगतो."

आणि मित्रांनो, हासाजीने पाना धरला! याकोव सांगत होता, हासाजी नट सोडत होता. झाकण निघालं. पट्टे जाड, रिव्हेट घट्ट, तेलाचा एक थेंबही कुठे पाझरलेला नाही. साहेबाने बोट फिरवून पाहिलं.

"हे तर उत्तम आहे. मग ब्रेक का लागला नाही?"

याकोव पाहत राहिला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या आणि चेहरा लहान मुलासारखा झाला.

"मग मी पट्ट्यांचा ताण चुकीचा लावला असेन," तो सावकाश म्हणाला. "मला तसं आठवत नाही. पण हासाजी म्हणतो ब्रेक लागला नाही, आणि हासाजी खोटं बोलणारा माणूस नाही. चूक माझीच असणार."

हासाजीच्या हातातून पाना निसटला. तो वर चढला, पेटी उघडली आणि गोणपाट सगळ्यांपुढे धरलं.

"हे पेडलखाली होतं. मी काढलं. मीच लपवलं."

त्याने ते पुन्हा पेडलखाली सारलं आणि पाय दाबला. पेडल अर्ध्यावर अडलं. गोणपाट काढून दाबला. पेडल तळाला टेकलं. यित्झाकने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

याकोव पुढे आला आणि त्याने डाव्या हाताने हासाजीच्या थोबाडीत मारली. आवाज माझ्या पत्र्यावर घुमला. मग तो दगडावर बसला.

"इतके दिवस?" त्याने विचारलं. "मी रोज तुझ्या डोळ्यांसमोर होतो. इतके दिवस?"

हासाजी रडत होता. शेवटी याकोवच म्हणाला, "झाकण लाव. आत धूळ जाते आहे."

मला कापलं नाही. याकोवची नोकरी राहिली, झेहावाने बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. हासाजीला माझ्या सीटवरून उतरवून पाण्याच्या नळांचे चर खणायला लावलं. हासाजीला ज्याची भीती होती, तसं कुणी काही बोललं नाही. त्यांच्या लोकांचं नाव कुठेही गेलं नाही. म्हणजे हे सगळं उगीचच!

पण खरा धक्का मला नंतर बसला. प्लॅस्टर निघालं, याकोवचा हात जुळला, आणि तो पुन्हा मला दुरुस्त करायला आला. त्याने नट आवळला, उठला, थोडा पुढे गेला, आणि परत येऊन तोच नट सोडवून पुन्हा आवळला. मग पुन्हा एकदा. तेव्हापासून तो प्रत्येक नटाला असंच करतो. चूक आपली नव्हती हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी स्वतःच्या हातावरचा त्याचा भरवसा त्या दिवसांत जो गेला तो आलाच नाही. चरातून हासाजी ते बघतो आणि मान खाली घालतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर तेल द्या, ग्रीस द्या, पेडलखाली काही अडकलं आहे का तेही वाकून बघा. आणि तुमच्या हातून घडलेली चूक कुणी दुसराच आपली म्हणून उचलत असेल, तर उद्यावर ढकलू नका, त्याच वेळी बोला. माझे पट्टे झिजले तर दुसऱ्या बुलडोझरचे काढून बसवता येतात. याकोवचं जे झिजलं, ते कुठून काढून बसवायचं, हे अजून कुणालाच सापडलेलं नाही.