पाच वाजता बंद होणारा धबधबा

विश्वास बसणार नाही तुमचा, हे आधीच सांगून टाकतो. पण शेजारधर्म म्हणून आलाच आहात, तर कपातला चहा संपेपर्यंत तरी ऐका. पाच वाजता बंद होणारा धबधबा आमच्या हिनं साडेसहापर्यंत उघडा ठेवला! हीच ती, कोपऱ्यात बसून माझ्या सदऱ्याला बटण लावतेय.

गुडघे दोन्ही बदललेले. मुलगा म्हणाला, "आई, दोनशे दहा पायऱ्या आहेत. तू गाडीतच बस, आम्ही फोटो काढून आणतो."

"फोटोतलं पाणी अंगावर उडतं का रे?" म्हणाली, आणि काठी टेकत निघाली.

दर दहा पायऱ्यांवर बूड टेकायची. गोगलगायी आम्हाला मागे टाकून गेल्या. एकीनं तर "जरा वाट द्या" म्हटलं. वर पोचलो तेव्हा पाचला पाच कमी. धबधब्यासमोरच्या टेबलापाशी ही बसते न बसते, तोच राखणदाराची शिट्टी.

"आजी, वेळ संपली. टेबल सोडा."

"आत्ता तर टेकले रे बाबा."

"नियम म्हणजे नियम!"

पाटीवर बारा नियम होते. हिनं चष्मा लावून सगळे वाचले आणि सातव्यावर बोट ठेवलं: 'उघडलेला डबा संपवूनच टेबल सोडावे.' मग सावकाश डबा उघडला. आत उकडलेले वाटाणे. एक उचलला, तोंडात टाकला, बत्तीस वेळा चावला. मग दुसरा.

मुलगा कधीच खाली गाडीत जाऊन बसलेला, तो हॉर्न वाजवून दमला. राखणदार शिट्टी फुंकून फुंकून असा पेटला, की शिट्टीतली गोळीच झिजून गेली. हिला दया आली. "हा घाल आत," म्हणून एक वाटाणा दिला. "एकच हं, मोजून आणलेत." सूर्यसुद्धा डोंगराला टेकून थांबला. म्हणाला, होऊ दे म्हातारीचं. आणि पाण्याचे तुषार हिच्या कपाळावर, चष्म्यावर, पदरावर. शेवटचा वाटाणा तर हिनं सोलून, दोन फाका करून...

कोपऱ्यात दोरा तटकन तुटला.

"अहो, पुरे! कसले वाटाणे नि कसला नियम! डबा तुम्ही गाडीतच विसरला होतात. राखणदार उठा म्हणाला, मी उठले नाही. बास!"