आत्याच्या मुठीचं माप

"ज्याच्यासाठी करताय, त्याचा हात आधी बघा," वर्कशॉपच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तरीही इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी घरातल्या धाकटीने आपल्या आत्याकरता बरणीचं झाकण उघडायचं साधन केलं, ते स्वतःच्याच मुठीच्या मापाने. परीक्षक खूश झाले. घरी मात्र आत्याची आखडलेली बोटं त्या बारीक दांड्यावर आवळेचनात.

"अगं, हा दांडा की पेन्सिल?" आत्या हसली. "असू दे, मार्क मिळाले ना?"

"मार्क मिळाले, पण झाकण कुठे उघडलं? उद्या तूच उघडशील, शब्द आहे माझा."

सकाळी तिने आत्याच्या मुठीत कणकेचा गोळा दाबून घेतला. बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा जपून डब्यात ठेवला आणि तास सुरू व्हायच्या आधीच वर्कशॉपची वाट धरली.