दोन सेकंदांचा राजा

घाटावर शांतता पसरली होती, आणि ती कुणालाच नको होती. बैलगाड्यांची शर्यत पाहायला लोटलेली गर्दी शिट्ट्या विसरून धावपट्टीच्या टोकाला उभारलेल्या पडद्याकडे पाहत होती. लोणावळ्याच्या एका मंगल कार्यालयातून भाड्याने आणलेल्या त्या पडद्यावर भिमाजीभाऊंचे नाव होते आणि नावापुढे, रिकाम्या शेतात उतरलेल्या बगळ्यासारखा, एकच आकडा. दोन.

इंदुरीजवळच्या या घाटात चांगला गाडा बारा सेकंदांत वर येतो. भिमाजींचा गाडा इतक्या संथपणे आला होता की निवेदक सोपानने मध्येच बाटली उघडून पाणी पिऊन घेतले होते. तरीही पडदा म्हणत होता : वेळ २ सेकंद, घाटाचा राजा.

"गुलाल कुटंय?" भिमाजींनीच अखेर विचारले.

दरवर्षी वेळेवरून डोकी फुटत, म्हणून यंदा पंचांचे अध्यक्ष कोंडाजी यांनी साऱ्या गाडामालकांकडून भैरोबापुढे भंडारा उचलून घेतला होता : पडदा सांगेल ते मान्य. शपथ ताजी होती. कोंडाजींनी जड हातांनी ढाल दिली, गुलाल उधळला गेला, आणि भिमाजींनी तिथूनच घरी बायकोला फोन लावला.

"रतन, पुरण घाल. राजा झालो."

आयुष्यभर त्यांचे गाडे टाळ्या संपल्यावर वर पोचत आले होते. लोक त्यांना हसत नसत, आणि तेच त्यांना अधिक लागे. आता त्यांच्या घरच्या गाईचा खोंड गुलालाने माखून, घडल्या प्रकाराविषयी पूर्ण उदासीन, शांतपणे रवंथ करीत होता.

"आबा, आमचा गाडा अकरा ऐंशीला आला!" कामशेतचा आकाश कोंडाजींसमोर ओरडला. "ह्यांचा दोनमदी? बैलांच्या जागी इमान जुपलंतं का?"

कोंडाजींनी मंडपातल्या अमृतकडे पाहिले. तळेगावच्या एका कंपनीत संगणकाचे काम करणाऱ्या या गावच्या मुलाने पडद्यामागचा प्रोग्राम पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. सोपान प्रत्येक बारीनंतर, म्हणजे एकेक गाडा धावून वर आला की, फोनवर एक ओळ पाठवी. प्रोग्राम त्या ओळीतून वेळेचा आकडा वेचून पडद्यावर टाकी. अमृतने ओळ उघडली आणि त्याच्या चेहऱ्यावरून सगळा पायथॉन ओसरला.

"भैरोबाच्या कृपेनं भिमाजीभाऊंचा घरचा 2 दाती खोंड, लय गुणाचा, 17.35 सेकंद."

"सोपानदादा, बैलाचे दात कशाला लिहिले?"

"मग काय तुझे लिहू?" सोपान उखडला. "बैलाचं वय दातावरनं सांगत्यात. कोवळा खोंड पयल्यांदा घाटात उतरला, ते आदी सांगायचं, मग येळ. बाकीचे समदे जुळलेले, पुऱ्या दातांचे बैल, त्यांचे दात कोण मोजतंय?"

अमृतने प्रोग्रामला सांगितले होते की ओळीत भेटेल तो पहिला आकडा उचल. त्याच्या चाचणीच्या ओळी त्याने स्वतःच लिहिल्या होत्या, आणि त्या ओळींत एकालाही दात नव्हते.

"सोपं आहे," तो म्हणाला. "पहिल्याऐवजी शेवटचा आकडा घेऊ."

पडदा क्षणभर काळवंडला. भिमाजी सतरा पस्तीसवर घसरले. पण त्याच दमात आकाशच्या नावापुढे चार सेकंद उमटले, कारण सोपानने त्याच्या वेळेनंतर लिहिले होते : "संगं 4 जीपा भरून मंडळी आल्यात."

"बघा!" आकाश हरखला. "आमी राजा!"

"माजे दोन, त्येचे चार," भिमाजी शांतपणे म्हणाले. "कमी कोन?"

"भाऊ, तुमचे आता सतरा झालेत."

"मगाशी दोन हुते ना? पडद्यानंच सांगितलं ना? भंडारा कशाला उचलला मग, भेळीवर टाकायला?"

गर्दीत हशा पिकला. अमृतने घाम पुसला आणि अट बदलली : ज्या आकड्यानंतर 'सेकंद' हा शब्द येतो, तेवढाच घ्यायचा. या वेळी पडद्यावर सारे जागच्या जागी आले. आकाश ११.८०, सर्वांत वर. भिमाजी १७.३५, सर्वांत खाली. सत्य असे नीट रांगेत उभे राहिले, तरी कुणी टाळी वाजवली नाही.

कोंडाजी भिमाजींजवळ आले. खोंडाच्या पाठीवरचा गुलाल नकळत त्यांच्या धोतराला लागला.

"भिमाभाऊ, यंत्राची चूक हुती. पोरानं सुदारली."

"दोनदा सुदारली आबा. दुसरीच खरी कशावरनं? संध्याकाळपतूर तिसरी निगंल."

"तुमी सोता गाडा हाकत हुता. दोन सेकंदात आला का, सांगा बरं?"

भिमाजींनी घाटाच्या लांबीकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडे रतनबाईंचा आवाज इतका मोठा होता की मंडपभर ऐकू गेला : पुरण शिजायला टाकले आहे, आळीतल्या बायका ओवाळायला दारात जमल्या आहेत, खोंडालाही ओवाळायचे आहे, कधी येता?

"निगालो," भिमाजी म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

कोंडाजींनी हात पुढे केला. "ढाल देताय न्हवं?"

भिमाजींनी ढाल काखेत घट्ट धरली, खोंडाचा कासरा हलकेच ओढला, आणि ते इंदुरीच्या वाटेला लागले.