लाल ठिपका लागलेला फासा

मी पितळेचा फासा बोलतोय. आणि हो, आधी माझ्याकडे संशयाने बघणं सोडा; ते सगळं भोगून झालंय!

माझा जन्म भोपाळच्या बरखेड्यातला. कारखान्यात नोकरीला असलेल्या भालचंद्रांनी घरी पितळेचा तुकडा कानशीने घासून मला घडवलं, ठिपके कोरले आणि बायकोच्या, मंदाकिनीच्या, लुडोत ठेवलं. दुपारी शेजारच्या क्वार्टरमधल्या सिंधूवहिनी खेळायला येत. "फासा पडेल तो डाव," म्हणत हसत हसत हरत.

एका दुपारी मात्र घात झाला. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, आणि वहिनींना काही केल्या सहा पडेना. मंदाकिनीला मात्र लागोपाठ!

"तुमच्या ह्यांनीच बनवलाय ना? एकदम बेईमान आहे हा!" वहिनी उसळल्या. कारखान्यात खराब मालावर लाल रंग लावतात. वहिनींनी घरून नेलपॉलिश आणून मला लाल ठिपका लावला. "रिजेक्ट!"

दोघींचं बोलणंच बंद झालं. मी डब्यात पडून. वाईट याचं वाटे, की माझीच मला खात्री नव्हती. कानशीचा एखादा हात जास्त बसला असेल तर?

शेवटी वहिनींचे यजमान नरहर मध्ये पडले. कारखान्यात ते माल तपासत. "बाजू सारख्या असतील तर सहा पडायची शक्यता सहात एक. पण हा कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात काय पडतं ते टाकूनच कळेल, आणि दहा-वीसदा नाही, शेकड्यांनी टाका."

दोघी गाल फुगवून समोरासमोर बसल्या. उगाच वजन नको म्हणून आधी नेलपॉलिश पुसलं. एक मला टाकी, दुसरी फरशीवर पडलेल्या आकड्यापुढे खडूने रेघ ओढी. सुरुवातीला सहाच्याच रेघा कमी! माझा जीव टांगणीला. मग चहा झाला, हात दुखले, गप्पा कधी सुरू झाल्या कळलंही नाही. दिवेलागणीला पाहिलं, तर सहाही रांगा जवळपास सारख्या.

"खरा निघाला गं बाई!" वहिनींनी मला कपाळाला लावलं. हुश्श! इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

लगेच डाव मांडला. वहिनींनी मला टाकलं आणि पडला एक! मी धसकलोच. वहिनी मात्र खळखळून हसल्या. "पडू दे, मंदाताई. तुमची पाळी."

आता माझ्या कडा झिजल्यात, तरी दोघी मला बदलत नाहीत. तुम्हाला एवढंच विनवतो: चार दानं वाईट पडली म्हणून कुणाला लाल ठिपका लावू नका. अजून थोडं टाकून बघा.